पुराचं धरण आणि पाण्याचं धरण: दोघांना एकच हरकत लावू नका

उल्हास नदी चढली की बदलापूर-कल्याणच्या ग्रुपांवर तेच भांडण. एक म्हणतो, वर धरण बांधा, पूर संपला. दुसरा म्हणतो, धरण म्हणजे जंगल बुडणार, आदिवासी उठणार. दोघांच्या डोळ्यांपुढे धरण मात्र एकच: बदलापूरजवळचं बारवी, नाहीतर नवी मुंबईला पाणी देणारं मोरबे. आणि ती दोन्ही पाणीपुरवठ्याची आहेत.

पाणीपुरवठ्याचं धरण ठाणे-नवी मुंबईकराला शिकवायला नको. पावसाळ्यात भरायचं, पुढच्या जूनपर्यंत पुरवायचं. भिंत, सांडवा, दरवाजे यांत फार अडकू नका, ते पाणीपुरवठ्याच्या आणि पूरनियंत्रणाच्या, दोन्ही धरणांत थोड्याफार फरकाने सारखेच.

खरी मेख रिकाम्या जागेत आहे. पूर अडतो तो धरणातल्या मोकळ्या जागेत. जुलैअखेर मोरबे काठोकाठ भरलं तर सगळे खूश. पूरनियंत्रणाचं धरण तेव्हा भरलेलं असेल तर पुढच्या मुसळधारेला ते असून नसल्यासारखंच, कारण वरून येईल तेवढं पाणी खाली सोडावंच लागतं. बारवीचे स्वयंचलित दरवाजे ७२.६० मीटरला उघडतात आणि खालच्या गावांना इशारे जातात. यात बारवीचा दोष नाही, ते पुरासाठी बांधलेलंच नाही. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ पाण्यात अडकली, त्याचाही जाब काहीजण बारवीला विचारतात. अहो, बारवी नदी उल्हासला मिळते त्या संगमाच्या वर आहे वांगणी! नकाशा तरी उघडा.

अहवालात 'बहुउद्देशीय' दिसलं की मी सावध होतो. एकाच जलाशयात दोन्ही कामं होतात, पण जागा वाटून, आणि त्या वाटणीत हार बहुधा पुराच्या जागेची होते. ओडिशातलं हिराकुड महानदीचे पूर आवरायला बांधलं, १९५७ मध्ये सुरू झालं. वीज आणि सिंचनही त्याच पाण्यावर, म्हणून पावसाळ्यात किती भरायचं हा वाद आजही आहे. याउलट अमेरिकेत ओहायो राज्यात १९१३ च्या महापुरानंतर मायामी नदीच्या खोऱ्यात पाच धरणं बांधली, त्यांत कायमचा साठाच नाही. नदी एरवी तळातल्या मोकळ्या वाटेने वाहते. पुरात मागे पाणी तुंबतं आणि मग हळूहळू उतरतं. भिंतीमागच्या जमिनीत शेती होते.

म्हणून हरकतीही वेगळ्या हव्यात. मुरबाडच्या काळू धरणाला बुडीत जंगलाच्या आणि पाड्यांच्या मुद्द्यावर विरोध झाला, तो रास्तच होता. साठ्याचं धरण जमीन कायमची बुडवतं. तोच हरकतीचा अर्ज धरणाचं नाव बदलून रिकाम्या राहणाऱ्या धरणाविरुद्ध दिला, तर अभियंता दोन वाक्यांत उडवून लावेल. तिथे विचारायचं ते असं: गाळ कुठे बसेल, मासे वर चढतील का, काही दिवस पाण्याखाली राहिलेली झाडं तगतील का.

आणि पूररेषा, म्हणजे पुराचं पाणी कुठवर येतं ते दाखवणारी नकाशावरची रेघ. आपल्याकडे निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. वर धरण झालं की 'आता कसला पूर' म्हणत त्या रेषा नदीकडे सरकवायची मागणी होणार, आणि मोकळ्या झालेल्या पट्ट्यात टॉवर उभे राहणार. पुराचं पाणी पसरायला नदीने राखलेली जमीन अशी जाते. माझ्या मते पूरनियंत्रण धरणाचं सगळ्यात मोठं पर्यावरणीय नुकसान हेच, आणि ते भिंतीपासून कित्येक किलोमीटर खाली होत असल्याने हरकतींत सहसा येतच नाही. धरणाच्या हिशेबाबाहेरचा पाऊस कधीतरी पडतोच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला होता.

बेलापूर-वाशीकरांनी या वादात फार पडू नये. तिथे भरती आणि पाऊस एकत्र आले की पाणी तुंबतं, डोंगरातलं कुठलंच धरण त्यावर उपाय नाही. सिडकोने केलेले धारण तलाव (भरतीच्या वेळी पावसाचं पाणी धरून ठेवणारे) त्यासाठी आहेत. त्यांतला गाळ काढायच्या मागे लागा.

धरणाच्या जनसुनावणीला जाणार असाल तर आधी जलाशय परिचालन सूची, म्हणजे कोणत्या तारखेला धरण किती भरायचं त्याचं वेळापत्रक, मागा: १ जुलै, १ ऑगस्ट आणि १ सप्टेंबरला किती जागा रिकामी ठेवणार? उत्तर मिळालं नाही तर ते साठ्याचं धरण समजा आणि जंगलाची हरकत बिनधास्त पुढे करा.