कधीच न उडालेलं सॅटर्न

अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या हंट्सव्हिलच्या अंतराळ संग्रहालयाबाहेर उभं दिसतं ते सॅटर्न ५, म्हणजे माणसांना चंद्राकडे नेणारं रॉकेट, ही निव्वळ प्रतिकृती. खरं रॉकेट आत आहे, आडवं ठेवलेलं. पण तेही कधी उडालं नाही. ते बांधलं होतं हलवून बघायला.

११० मीटर लांबीचं हे धूड ताठ दिसतं, पण उड्डाणात ते वेळूसारखं वाकतं. सेकंदाला साधारण एक हेलकावा. वाकण्यापेक्षा मोठी पंचाईत होते ती जायरोची, म्हणजे रॉकेट किती वळलं ते मोजणाऱ्या उपकरणाची. तो बसवलेला पत्रा जरा कलला की त्याला वाटतं, अख्खं रॉकेटच वळलं. मग संगणक इंजिनं तिरकी करतो, त्या धक्क्यानं रॉकेट आणखी वाकतं आणि जायरो आणखी फसतो. हे टाळायचं तर रॉकेट कुठे, किती आणि कोणत्या तालात वाकतं ते आधी कळायला हवं.

त्यासाठी हंट्सव्हिलमधल्याच नासाच्या मार्शल केंद्रात अख्खं रॉकेट पोटात घेईल असा मनोरा उभारला. रॉकेटचा पहिला टप्पा, म्हणजे सर्वांत खालचा भाग, १९६६ च्या जानेवारीत आत गेला. दुसऱ्या टप्प्याचं मात्र नशीब खोटं: या कामासाठी नेमलेला नमुना कॅलिफोर्नियात ताकदीच्या चाचणीतच फुटला होता. शेवटी फ्लोरिडातल्या केप केनेडीत प्रक्षेपणतळाच्या तालमीसाठी वापरलेला टप्पा इथे आणावा लागला. हवेत रॉकेटला खालून आधार नसतो, म्हणून बुडाशी तेलाच्या थरावर तरंगणारे चार आधार दिले. इंधनाच्या जागी पाणी भरलं; ते कमी करत गेलं की उड्डाणातला पुढचा क्षण. मग यंत्रांनी हादरे दिले, एकूण सुमारे ४५० तास. जायरोजवळचा पत्रा गणितानं सांगितलं होतं त्याच्या दुपटीहून जास्त कलत होता, हे तिथेच उघड झालं. जायरोची जागा बदलली.

पण मनोऱ्यात इंजिन पेटत नाही, आणि तिथेच हा खटाटोप तोकडा पडला. ४ एप्रिल १९६८ रोजी अपोलो ६ या माणसांविना उड्डाणात सॅटर्न ५ सुमारे दोन मिनिटं उडालं आणि मग अर्धं मिनिट उभ्याउभ्या थरथरत राहिलं, सेकंदाला पाचेक वेळा. सांगाडा हलला की इंजिनाकडे जाणाऱ्या नळीतल्या द्रव ऑक्सिजनचा दाब हलतो, दाबाबरोबर इंजिनाचा रेटा हलतो, आणि रेट्यानं पुन्हा सांगाडा. उड्या मारायच्या स्प्रिंगच्या काठीवरून याला पोगो म्हणतात. खरं तर टायटन २ या क्षेपणास्त्रानं १९६२ मध्येच हा धडा दिला होता. उपाय साधा निघाला: ऑक्सिजनच्या झडपांच्या पोकळीत हेलियम वायू कोंडायचा, म्हणजे तो उशीसारखा दाब झेलतो. पुढचं सॅटर्न ५ डिसेंबर १९६८ मध्ये थेट माणसं घेऊन चंद्राकडे गेलं.

तरी दुसऱ्या टप्प्यात पोगो उरलाच होता. एप्रिल १९७० मध्ये अपोलो १३ चं मधलं इंजिन त्यानंच दोनेक मिनिटं आधी बंद पाडलं. दोन दिवसांनी ऑक्सिजनची टाकी फुटली आणि ही गोष्ट मागे पडली.

१९७८ मध्ये त्याच मनोऱ्यात एंटरप्राइझ हे स्पेस शटल बाहेरच्या इंधनटाकी-बूस्टरसकट हलवून पाहिलं. २०२१ मध्ये आर्टेमिस या नासाच्या नव्या चंद्रमोहिमेच्या वेळी वेगळा नमुनाच बांधला नाही. फ्लोरिडातल्या जुळणीच्या इमारतीत, माणसं बसायच्या ओरायन यानाऐवजी तेवढ्याच वजनाचा सांगाडा वर ठेवून, प्रत्यक्ष जाणारं रॉकेटच हलवलं. तेच पुढे १६ नोव्हेंबर २०२२ ला उडालं.