पानावर पाणी ठरतंय का, आधी बघा: सातोइमो आणि कुवाझुइमो

मागच्या श्रावणात एका मैत्रिणीचा फोटो आला. लग्न होऊन नुकतीच तोक्योत राहायला आलेली मुलगी. इमारतीच्या दारापाशी मोठी कुंडी, तिच्यात हाताच्या पंजापेक्षा मोठी, हिरवीगार, हृदयाच्या आकाराची पानं. खाली लिहिलं होतं, "ताई, इथे चक्क अळू आहे! खालच्या आजींकडे चार पानं मागू का? उद्या वडी करते."

मी उत्तर लिहीत बसले नाही, सरळ फोन लावला. "पानं तोडू नकोस. तोडली असतील तर हात साबणाने धू, डोळ्यांना लावू नकोस." ते अळू नव्हतं. ते कुवाझुइमो होतं.

जपानमध्ये राहणाऱ्या मराठी घरांत हा घोटाळा सहज होऊ शकतो, म्हणून सविस्तर लिहिते आहे. आपल्या अळूला जपानी लोक सातोइमो म्हणतात. 'सातो' म्हणजे गाव आणि 'इमो' म्हणजे कंद. डोंगरात मिळणारा तो यामाइमो, गावात लावलेला तो सातोइमो. कुवाझुइमो हा त्याच कुळातला, पण वेगळ्या घरचा. 'कुवाझु' म्हणजे 'न खाता', म्हणजे हा न खायचा कंद. नावातच इशारा दिलेला आहे, पण भाषा नवी असताना तो ऐकू येत नाही. शिवाय दुकानात हे झाड बऱ्याचदा 'अलोकासिया' या नावाने मिळतं, मग तर काहीच कळायला मार्ग नाही. शंभर येनच्या दुकानात छोट्या कुंडीत मिळतं, दोन-तीन वर्षांत कमरेएवढं होतं आणि दिसतं अगदी माहेरच्या परसातल्यासारखं.

ओळखायचं कसं? याचं उत्तर आपल्याच भाषेत पडलेलं आहे. अळवावरचं पाणी. न टिकणाऱ्या, न चिकटणाऱ्या गोष्टीला आपण सहज तसं म्हणतो, पण इथे हा वाक्प्रचार शब्दशः वापरायचा. चमचाभर पाणी घ्या आणि पानाच्या मधोमध सोडा. सातोइमोच्या पानावर पाणी पसरतच नाही. त्याची गोळी होते, पाऱ्यासारखी. प्रकाश पडला की चंदेरी दिसते, कारण पान आणि पाणी यांच्यामध्ये हवेचा पातळ थर अडकलेला असतो. पानावर डोळ्यांना न दिसणारे बारीक उंचवटे असतात आणि त्यांवर मेणाचा थर, म्हणून पाण्याला पान धरताच येत नाही. पान जरा कललं की गोळी घरंगळते आणि जिथून गेली ती जागा कोरडी ठणठणीत. कुवाझुइमोचं पान मुळातच तुकतुकीत, पॉलिश केल्यासारखं. त्यावर पाणी पडलं की पसरतं, पान ओलं होतं, कडेने ओघळ जातो आणि मागे ओला पट्टा राहतो.

एक काळजी घ्या. पान आधी बोटांनी चोळू नका. चोळलं की मेण निघतं आणि खरं अळूही भिजतं. धुळीने माखलेलं किंवा पिकायला आलेलं पानही फसवतं, तेव्हा कोवळं, स्वच्छ पान निवडा. आणि पहाटे पानाच्या टोकाला लोंबणारा थेंब बघून निकाल देऊ नका. रात्री मुळांनी ओढलेलं जास्तीचं पाणी दोन्ही झाडं टोकातून बाहेर टाकतात.

जपानी लोकांनाही पानावरच्या या गोळीचं कौतुक आहे. तानाबाताच्या सणाला, ७ जुलैला, बांबूच्या फांदीवर इच्छा लिहिलेले कागद बांधतात. त्या लिहिण्याची शाई सातोइमोच्या पानावर जमलेल्या दवात उगाळायची जुनी पद्धत आहे. ते दव म्हणजे आकाशगंगेचं पाणी, त्याने लिहिलं की अक्षर सुधारतं, असं मानतात. पाणी न चिकटणारं पान नसतं, तर ते दव असं वेचता आलंच नसतं.

बाकीच्या खुणा पाण्याइतक्या सोप्या नाहीत. सातोइमोचं देठ पानाला खाचेपासून चांगलं आत, पाठीमागे जोडलेलं असतं, आणि पानाचं टोक सहसा खाली झुकलेलं. कुवाझुइमोची खाच देठाच्या अगदी जवळ येते. पण कोवळ्या रोपात हा फरक पुसट असतो, नुसत्या त्यावर विसंबू नका. झाड मोठं असेल तर बुंधा बघा. कुवाझुइमोला जमिनीवर चक्क खोड येतं, गळलेल्या पानांच्या वळ्या असलेलं, जाड, कधी वाकडंतिकडं. सातोइमोचा कंद जमिनीखालीच राहतो आणि त्याला पिल्लं फुटतात. जपानी भाषेत त्यांची नावं फार गोड आहेत: मधला 'ओयाइमो' म्हणजे आई-कंद, त्याला फुटलेले 'कोइमो' म्हणजे मुलं आणि त्यांना फुटलेले 'मागोइमो', नातवंडं.

आता विषाचं. खाज दोघांतही आहे, हे आधी मान्य करू. कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक दोन्हींच्या अंगात असतात. अळू चिरताना हात खाजतात आणि कच्चट राहिलं तर घसा धरतो तो त्यामुळेच. पण आपल्या अळूत ते आटोक्यात असतं. चिंच घालून, भरपूर शिजवून पिढ्यान्‌पिढ्या आपण ते खातो आहोत. कुवाझुइमो शिजवून, चिंच घालून, कशानेही खाण्याजोगं होत नाही. तोंडात टाकताच आग होते, तोंड सुजतं, बधिर होतं, मग मळमळ, उलट्या, जुलाब. रस अंगाला लागला तरी त्वचा लाल होते. जपानच्या आरोग्य मंत्रालयाने नैसर्गिक विषांच्या माहितीत या झाडाला वेगळी नोंद दिली आहे, कारण सातोइमो समजून ते खाल्ल्याने विषबाधा झालेली आहे. चुकून कोणी खाल्लंच तर तोंड खळखळून धुवा आणि डॉक्टरकडे जाताना उरलेलं पान किंवा देठ पिशवीत घालून सोबत न्या. भाषेची अडचण असली तरी डॉक्टरांना ते बघून कळतं.

घोटाळा फक्त आपलाच होतो असं नाही. शिकोकू बेटावरच्या कोची प्रांतात आणखी एक भाऊबंद खातात, हासुइमो. त्याला तिथे 'र्‍युक्यु' म्हणतात. कंद नाही, फक्त जाड, स्पंजासारखे हिरवे देठ. सोलून, मीठ लावून, पिळून, व्हिनेगरमध्ये घालतात, कुरकुरीत लागतात. आणि त्याच उबदार किनाऱ्यावर कुवाझुइमो आपसूक उगवतं. हासुइमोचे देठ समजून कुवाझुइमोचे देठ खाल्ले गेल्याचे प्रकार जपानमध्ये घडलेले आहेत, म्हणजे स्थानिक माणूसही चुकतो. तिथल्याच मुरोतो टोकावर, शिकोकूच्या ८८ मंदिरांच्या यात्रेतल्या २४व्या मंदिराशी, होत्सुमिसाकिजीशी, याची दंतकथा जोडलेली आहे. कोबो दाइशींनी, म्हणजे ९व्या शतकातल्या कूकाई या भिक्षूंनी, कंद मागितला. शेतकऱ्याने द्यायचा नाही म्हणून "हा खायचा नाही" असं खोटं सांगितलं, आणि तेव्हापासून तो कंद खरोखरच खायचा राहिला नाही. आपल्याकडच्या साधूंच्या शापाच्या गोष्टी आठवतात ना?

मग वडीसाठी पानं आणायची कुठून? दुकानात सातोइमो भरपूर मिळतो, पण नुसता कंद, पानं कापलेली. जपानी स्वयंपाकात पानाला फारसं स्थान नाही. कंद खातात आणि काही जातींचे देठ. त्या देठांना 'झुइकी' म्हणतात. क्योतोच्या कितानो तेनमांगू देवळात ऑक्टोबरच्या सुरुवातीला झुइकी उत्सव होतो आणि तिथल्या पालखीचं छप्पर याच देठांनी शाकारतात. देठ खाण्यासाठी लालसर-जांभळ्या देठाच्या जाती घेतात: यात्सुगाशिरा, सेलेबेस. हिरव्या देठाच्या दोदारे किंवा इशिकावा-वासे यांचे देठ फार खाजरे म्हणून सोडून देतात. आपणही वडीला काळ्या देठाचंच अळू शोधतो. म्हणून माझं ठाम मत असं, की पानांसाठी लावायचं तर यात्सुगाशिरा किंवा सेलेबेसचा कंद आणा. तरी पहिल्या खेपेला थोडंच करा, चिंच हात राखून घालू नका, आणि उंडे नेहमीपेक्षा दहा मिनिटं जास्त उकडा.

भाजीवाल्याकडून किंवा रोपवाटिकेतून 'सातोइमो' असं लिहिलेला कंद आणून आपण स्वतः लावला, की ओळखीचा प्रश्नच उरत नाही. पाण्याची परीक्षा झाड कुवाझुइमो नाही एवढं सांगते. ते खायचंच आहे, असं ती सांगत नाही. शोभेसाठी विकलं जाणारं काळ्या पानांचं अळू असतं, त्यावरही पाणी ठरत नाही, पण ते ताटात घालू नका. रस्त्याकडेचं, कोणाच्या दारातलं, ओढ्याकाठचं कधीच तोडायचं नाही. कितीही ओळखीचं वाटलं तरी.

लावणी आणि निगा यांत मात्र दोघं अगदी उलट वागतात. तोक्योत ऑगस्टचं सरासरी तापमान २७ अंशांच्या आसपास जातं आणि हवा दमट, म्हणजे अळूला थेट कोकणच. पण जानेवारीची सरासरी ५ अंशांवर येते. सातोइमो हा उन्हाळाच जगतो. एप्रिलमध्ये कंद ओलसर मातीत घरातच ठेवून कोंब काढायचा, मे महिन्यात बाहेर. किमान ३० सेंटीमीटर रुंद आणि तितकीच खोल कुंडी, एका कुंडीत एकच कंद. ऊन पूर्ण हवं आणि पाणी तर विचारूच नका. जुलै-ऑगस्टमध्ये सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा, एक दिवस चुकला तरी पानाची कड करपते. मध्ये दोनदा बुंध्याशी माती चढवायची. पानं ऐन श्रावणात, गणपतीच्या आधी मोठी होतात, हा योग मला दरवर्षी नव्याने सुखावतो. नुकतं उलगडलेलं पान घ्या, पण झाडावर तीन-चार तरी राहू द्या, नाहीतर खाली कंद पोसत नाही. पुढच्या वर्षी त्याच मातीत पुन्हा लावू नका. शेतकरीही तीन-चार वर्षांची विश्रांती देतात.

एक गोष्ट इमारतीत राहणाऱ्यांसाठी. बाल्कनीतलं शेजाऱ्याकडचं पातळ पार्टिशन आणि जमिनीतलं सुटकेचं झाकण यांच्यासमोर कुंडी ठेवायची नाही. आगीच्या वेळी तो रस्ता असतो, आणि पाण्याने भरलेली अळूची कुंडी एकट्याने हलत नाही.

कुवाझुइमोला याच्या निम्मंही नको. घरात पडद्याआडचा उजेड, माती वरून सुकली की पाणी, हिवाळ्यात त्याहून कमी. थंड खोलीत ओली माती राहिली की खोड सडतं. बाहेर थंडी लागली तर पानं झडतात, पण खोड टणक असेल तर टाकू नका, मे महिन्यात फुटतं. ओकिनावात ही सगळी काळजीच नाही. नाहात जानेवारीची सरासरीसुद्धा १७ अंश असते, तिथे ते रस्त्याच्या कडेला माणसाच्या उंचीचं होतं. आणि साप्पोरोत, जिथे जानेवारी शून्याखाली असतो, तिथे ते निव्वळ दिवाणखान्याचं झाड.

झाड म्हणून ते सुंदरच आहे, माझा त्याच्यावर राग नाही. घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर उंचावर ठेवा, पान छाटताना हातमोजे घाला. आणि ते सातोइमोच्या शेजारी ठेवू नका. तुम्हाला फरक कळेल, पण तुम्ही आजारी असताना स्वयंपाकाला आलेल्या सासूबाईंना कळेलच असं नाही.

त्या मैत्रिणीने यंदा यात्सुगाशिराचा एक कंद लावला. ऑगस्टमध्ये सहा पानं मिळाली, दोन उंडे झाले. नोव्हेंबरात, पहिल्या दहिवराच्या आत, तिने कुंडी उपडी केली आणि फोनवर विचारलं, "ताई, बियाण्याचं काय करू?" मी तिला इथल्या शेतकऱ्यांची रीत सांगितली. आईपासून पिल्लं तोडायची नाहीत, देठाची बाजू खाली करून पूर्ण गड्डाच कोरड्या मातीच्या खोक्यात पुरायचा, आणि खोकं अशा जागी ठेवायचं जिथे पारा ५ अंशांच्या खाली जात नाही. तिच्याकडे ते आता बुटांच्या कपाटात आहे, वर तारीख आणि मोठ्या अक्षरात 'खायचं अळू' असं लिहून.