चौदा महिन्यांची लीग आणि तीन गुणांची रेष

कोल्हापुरातल्या शाळा-कॉलेजांच्या बास्केटबॉल कोर्टावर रिंगपासून लांब एक कमान आखलेली असते. तिच्या बाहेरून टाकलेला बॉल आत गेला की तीन गुण. आजच्या पोरांना ती खेळाच्या जन्मापासूनची वाटते. पण जेम्स नायस्मिथ यांनी 1891 मध्ये हा खेळ काढला तेव्हा ती नव्हती. पुढची सत्तर वर्षं कुठल्याच व्यावसायिक लीगला तिची गरज वाटली नाही. ती आणली एका दुखावलेल्या मालकाने, आणि त्याची लीग जेमतेम चौदा महिने चालली.

हे मालक म्हणजे एब सॅपरस्टीन. हार्लेम ग्लोबट्रॉटर्स हा करामती करत जगभर फिरणारा संघ त्यांचा. एनबीए, म्हणजे अमेरिकेतली मुख्य व्यावसायिक लीग, नवी असताना तिचे सामने बघायला फारसं कोणी येत नसे. ग्लोबट्रॉटर्सचा खेळ त्याच दिवशी ठेवला की मैदान भरायचं. या उपकाराच्या बदल्यात लॉस एंजेलिसचा संघ आपल्याला मिळेल अशी सॅपरस्टीन यांची खात्री होती. पण 1960 मध्ये मिनियापोलिसचे लेकर्स तिथे हलले आणि यांच्या हाती काहीच लागलं नाही. मग त्यांनी स्वतःचीच लीग उभी केली: अमेरिकन बास्केटबॉल लीग. ईर्ष्या ही काय चीज असते, हे कोल्हापूरकराला वेगळं सांगायला नको.

ऑक्टोबर 1961 मध्ये आठ संघ उतरले. एनबीएपेक्षा वेगळं दिसायचं तर नियम वेगळे हवेत. रिंगखालची पट्टी 18 फूट रुंद केली, म्हणजे उंच खेळाडूंना तिथे ठाण मांडता येऊ नये. शॉट घ्यायला 24 ऐवजी 30 सेकंद दिले. आणि लांबून टाकणाऱ्यांसाठी तीन गुण. कल्पना अगदीच कोरी नव्हती. 1945 मध्ये दोन कॉलेजांच्या सामन्यात 21 फुटांवरून ती करून पाहिली होती. सॅपरस्टीन यांनी अंतर 25 फूट ठरवलं. बेसबॉलमधल्या होम रनसारखं काहीतरी त्यांना हवं होतं, प्रेक्षक एकदम उठून उभे राहतील असं.

खेळात दम होता. पिट्सबर्गकडून खेळणारा कॉनी हॉकिन्स एकोणीस वर्षांचा होता. कॉलेज बास्केटबॉलमधल्या सामना-निश्चितीच्या चौकशीत त्याचं नाव आलं. आरोप एकही ठेवला गेला नाही, तरी एनबीएने दार लावून घेतलं. इथे तो पहिल्याच हंगामात सर्वोत्तम खेळाडू ठरला. क्लीव्हलंड पायपर्सचे प्रशिक्षक जॉन मॅकलेंडन हे मोठ्या व्यावसायिक लीगमधले पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक. विद्यार्थीदशेत त्यांनी बास्केटबॉलचे धडे खुद्द नायस्मिथ यांच्याकडे गिरवले होते. पण मालक जॉर्ज स्टाइनब्रेनर यांच्याशी खटके उडाले आणि हंगामाच्या मध्यातच त्यांनी पद सोडलं. त्यांच्या जागी बिल शारमन आले, कारण ते सांभाळत असलेला लॉस एंजेलिसचा संघ तोवर बंद पडला होता! अंतिम फेरीत कॅन्सस सिटीविरुद्ध पहिले दोन सामने गमावून क्लीव्हलंडने पुढचे तिन्ही जिंकले.

पैसा मात्र झिरपतच होता. एक संघ थेट हवाईत, म्हणजे मुख्य भूमीपासून सुमारे 4,000 किलोमीटर समुद्रापलीकडे. प्रवासाचा खर्च तिकिटातून निघेना. वॉशिंग्टनचा टेपर्स संघ हंगामाच्या मध्यातच न्यूयॉर्ककडे गेला, तिथून पुढच्या वर्षी फिलाडेल्फियाला. हवाईवाले लाँग बीचला आले, सॅन फ्रान्सिस्कोवाले ओकलंडला. इथे मला कोल्हापुरातल्या फुटबॉलचं शाहू स्टेडियम आठवतं. पाटाकडील किंवा खंडोबा तालमीचा संघ हरतो, चिडतो, पण उचलून दुसऱ्या गावी नेता येत नाही. तो पेठेचा असतो. टेपर्स नक्की कुठल्या गावाचे, हे त्यांच्या प्रेक्षकांनाच कळेनासं झालं असणार.

शेवटचा मोठा डाव क्लीव्हलंडने टाकला. ऑलिंपिक सुवर्णपदक विजेत्या जेरी लुकासला त्यांनी करारबद्ध केलं. त्याच्या मोहापायी एनबीए अख्खा संघच आपल्यात घ्यायला तयार झाली. पण प्रवेशासाठी लागणारी रक्कम उभी राहिली नाही आणि विजेता संघच संपला. उरलेल्यांनी दुसरा हंगाम कसाबसा सुरू केला. 31 डिसेंबर 1962 रोजी लीग बंद झाली. आघाडीवर असलेल्या कॅन्सस सिटीला विजेता ठरवून टाकलं.

हॉकिन्स एनबीएला कोर्टात खेचून 1969 मध्ये एकदाचा आत गेला. रेषेला आणखी दहा वर्षं लागली. 1967 मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या एका बंडखोर लीगने ती उचलली, 1979 मध्ये एनबीएने आणि 1984 मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने 6.25 मीटरवर. 2010 मध्ये ती 6.75 मीटरवर सरकली. जुन्या कोर्टावर आत पुसट कमान आणि बाहेर ठळक, अशा दोन्ही दिसतात. मधल्या अर्ध्या मीटरातून टाकलेला बॉल दोनाचा की तीनाचा, यावरून संध्याकाळच्या खेळात हमखास जुंपते.