एक अपरकट आणि साडेआठ महिने

माइक टायसन चार पायांवर रांगत होता. ११ फेब्रुवारी १९९०, टोकियो डोम, बस्टर डग्लसविरुद्धची दहावी फेरी. रेफरी दहापर्यंत आकडे मोजतोय आणि ३७ लढतींत एकदाही न हरलेला हेवीवेट विजेता जमिनीवर पडलेलं आपलं गमशील्ड, म्हणजे दातांवरचं रबरी कवच, चाचपडतोय. सापडलं ते त्याने तोंडात कोंबलं, तेही वेडंवाकडं. एक टोक दातांत, बाकीचं ओठांबाहेर लोंबतंय. कसाबसा उभा राहिला तोवर मोजणी संपली होती. रेफरीने त्याला कवेत घेतलं.

गमशील्ड पडलं तर उचलायचं, ही वर्षानुवर्षांची सवय हाताला पाठ होती. पण आत्ता त्याची गरज नाही, आधी उठायला हवं, हा हिशेब करणारा मेंदू जागेवर नव्हता. कुस्तीत चितपट झालेला पैलवान शुद्धीत असतो, पाठ मातीला लागली एवढंच. बॉक्सिंगमधल्या नॉकआउटमध्ये मात्र पराभव मेंदूतच होतो.

नेमकं काय होतं? मेंदू कवटीवर आतून आपटतो, हे आपण ऐकलेलं असतं. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. सुमारे १.४ किलोचा हा अवयव द्रवात तरंगतो आणि खरवसासारखा मऊ असतो. डब्यातला खरवस डबा सरळ सरकवला तर फारसा बिघडत नाही. डब्याला झटक्यात गरकन पीळ दिला तर मात्र आत ताण पडून चिरा जातात. ठोशानेही डोकं असंच गरकन फिरतं. कवटी फिरते, मेंदू जडत्वामुळे क्षणभर मागे राहतो आणि आतले लांबलचक चेतातंतू ताणले जातात. म्हणूनच मुष्टियोद्धे हनुवटीच्या मागे लागतात. दाराची कडी बिजागरीपासून लांब बसवतात, म्हणून दार बोटाने लोटलं तरी फिरतं. मान ही बिजागरी मानली तर हनुवटी ही कडी.

चेतातंतू ताणले की पेशीतलं पोटॅशियम बाहेर सांडतं आणि कॅल्शियम आत घुसतं. हा पसारा आवरायला पेशी भरपूर ऊर्जा मागतात, आणि नेमका तेव्हाच मेंदूचा रक्तपुरवठा रोडावतो. मेंदूच्या देठात आपल्याला जागं ठेवणारी यंत्रणा असते. ती काही सेकंद गोंधळली तरी पाय मेणाचे होतात. माणूस अर्ध्या मिनिटात बोलू-चालू लागतो, पण आतली घडी बसायला कित्येक दिवस, कधी आठवडे लागतात. हरलेल्याला डॉक्टर सरावालाही मनाई करतात ती यामुळेच.

आता जोराबद्दल. १९८५ साली ब्रिटनमध्ये फ्रँक ब्रूनो या हेवीवेटचा ठोसा प्रयोगशाळेत मोजला होता. वेग सेकंदाला ८.९ मीटर, बल ४,०९६ न्यूटन; म्हणजे क्षणभरापुरता ४०० किलोंहून जास्त भार. याच ब्रूनोने फेब्रुवारी १९८९ मध्ये टायसनला पहिल्या फेरीत हादरवलंही. पण टायसन पडला नाही, आणि पाचव्या फेरीत ब्रूनोच संपला. नुसता जोर पुरत नाही. येणारा ठोसा दिसला तर मानेचे स्नायू आवळले जातात, डोकं आणि धड जणू एकसंध होतं आणि डोकं कमी फिरतं. न दिसलेला ठोसा जास्त घातक, असं बॉक्सर म्हणतात ते उगीच नाही.

टोकियोत टायसनला नीट दिसतच नव्हतं. समोरच्या बस्टर डग्लसच्या हातांची पोच टायसनपेक्षा तब्बल १२ इंचांनी जास्त. तो लांबूनच जॅब, म्हणजे पुढच्या हाताचे झटपट सरळ ठोसे, मारत राहिला आणि टायसनचा डावा डोळा सुजून बंद होत गेला. सूज दाबायला थंडगार धातूचं साधन लागतं. टायसनच्या माणसांनी ते आणलंच नव्हतं! रबरी हातमोज्यात गार पाणी भरून ते डोळ्यावर धरत होते. जिंकायचंच आहे, मग तयारी कशाला, असाच सगळा मामला. लास व्हेगासच्या मिराज कॅसिनोत सट्ट्यात डग्लसचा भाव एकाला ४२ होता, म्हणजे तो जिंकेल असं कुणालाच वाटत नव्हतं. दहाव्या फेरीत त्याचा अपरकट खालून हनुवटीवर बसला, टायसनचं डोकं मागे फेकलं गेलं, आणि ते सावरायच्या आत पुढचे ठोसे पडले.

जग म्हणालं, नवा राजा आला. मला वाटतं, गल्लत इथेच झाली. नॉकआउट हरणाऱ्याच्या मेंदूत काय घडलं ते सांगतो. जिंकणाऱ्याचं भविष्य त्यात नसतं. त्या लढतीतला डग्लस १०५ किलोंचा होता आणि दमसास दहाव्या फेरीपर्यंत टिकवून होता. लढतीच्या २३ दिवस आधी त्याची आई गेली होती. ते दुःख, ती मेहनत आणि ते वजन पुन्हा एकत्र येईलच, याची हमी कोण देणार?

डग्लसची पुढची लढत: २५ ऑक्टोबर १९९०, मिराज. समोर इव्हँडर होलीफील्ड, ९४ किलोंचा. डग्लस भरला १११ किलो, म्हणजे साडेआठ महिन्यांत सहा किलो जास्त. मानधन सुमारे अडीच कोटी डॉलर. तिसऱ्या फेरीत त्याने पुन्हा तोच ठोसा काढला, अपरकट. पण अपरकट हा जवळून मारायचा ठोसा. त्यासाठी हात खाली न्यावा लागतो, हनुवटी उघडी पडते. डग्लसने तो लांबून मारला आणि अंगाचा सगळा भार पुढे झोकला. होलीफील्ड मागे सरला, ठोसा हवेत गेला आणि पुढे येणाऱ्या हनुवटीवर त्याचा सरळ उजवा बसला. समोरासमोर येणाऱ्या दोन गाड्यांसारखे दोन्ही वेग एकत्र झाले.

डग्लस पाठीवर पडला. त्याने हातमोजा तोंडावरून फिरवला, त्याकडे पाहिलं आणि तसाच पडून राहिला. उठता आलं असतं, असं अनेकांनी ऐकवलं. टायसन निदान गमशील्ड तरी शोधत होता, असंही. पडद्यावर पाहून कुणाच्या मेंदूत किती ऊर्जा उरली होती हे कळत नाही, त्यामुळे या टोमण्यांत मला फारसा अर्थ दिसत नाही. टोकियोत आठव्या फेरीत टायसनने डग्लसलाही पाडलं होतं, तो नवाच्या आकड्याला उठला होता. जिंकलेल्या लढतीतले ठोसेही मेंदूच्या खात्यावर जमाच होतात. सतत मार खाल्लेल्या बॉक्सरांची लटपटती चाल आणि मंदावलेला मेंदू हॅरिसन मार्टलंड या अमेरिकी डॉक्टरने १९२८ मध्येच नोंदवून ठेवला आहे.

होलीफील्डनंतर डग्लसने खेळ सोडला. वजन १८० किलोंच्या घरात गेलं, आणि १९९४ मध्ये मधुमेहाने तो बेशुद्ध पडून मरता मरता वाचला. मग त्याने वजन उतरवलं आणि १९९६ मध्ये पुन्हा रिंगमध्ये आला. काही लढती जिंकलाही. १९९८ मध्ये लू साव्हारीसने त्याला पहिल्याच फेरीत झोपवलं.