मोटारीच्या केबिनमधला तानपुरा

ध्वनिमुद्रणाच्या व्यवसायात एक जुना रिवाज आहे. महागडे स्पीकर आणि ध्वनिशास्त्राच्या नियमांनुसार बांधलेली खोली हाताशी असतानाही, गाण्याचे अंतिम मिश्रण पक्के करण्याआधी ध्वनिमुद्रक ते घेऊन बाहेर उभ्या असलेल्या मोटारीत बसतो आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकतो. स्टुडिओत भरीव वाटलेला डग्गा गाडीत घुमू लागला किंवा गायकाचा आवाज वाद्यांच्या मागे दडला, तर तो परत आत जाऊन मिश्रण बदलतो. असंख्य श्रोते गाडीतच संगीत ऐकतात, हे त्यामागचे व्यावहारिक कारण आहेच. त्याशिवाय मोटारीची केबिन ही ध्वनीच्या दृष्टीने फार अडचणीची खोली आहे आणि अडचणीच्या खोलीत मिश्रणातील दोष लपत नाहीत.

गाड्यांचे वेड आणि उत्तम ध्वनिमुद्रणाचे वेड एकाच माणसात अनेकदा का सापडते, याचे उत्तर मला याच खोलीत दिसते. इंजिनाचे माउंट, सस्पेन्शनचे बुश आणि दाराचे रबर यांचा विचार करणारा अभियंता आणि स्पीकरच्या पेटीच्या भिंती किती जाड असाव्यात याचा विचार करणारा ध्वनितज्ज्ञ, हे दोघेही नको असलेल्या कंपनाशीच झगडत असतात. वाहन अभियांत्रिकीत या कामाची ‘एनव्हीएच’ नावाची स्वतंत्र शाखा आहे. वाहनातील गोंगाट, कंपने आणि त्यांचा खडबडीतपणा हा तिचा विषय. पुण्यात कोथरूडच्या टेकडीवर असलेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेतही या मोजमापांच्या प्रयोगशाळा आहेत.

गाडीत संगीत आणण्याचा खटाटोप जवळजवळ शंभर वर्षांचा आहे. 1930 साली शिकागोच्या गॅल्व्हिन मॅन्युफॅक्चरिंग कंपनीने मोटारीत बसवता येणारा रेडिओ बाजारात आणला आणि त्याला ‘मोटोरोला’ हे नाव दिले. पुढे कंपनीच त्या नावाने ओळखली जाऊ लागली. 1956 च्या क्रायस्लर गाड्यांत तर चक्क तबकडी वाजवण्याची सोय होती. ती तबकडी मिनिटाला केवळ 16⅔ फेरे घेत असे आणि खड्ड्यात सुई उडू नये म्हणून सुईवर जास्त भार द्यावा लागे, त्यामुळे तबकडी लवकर झिजे. त्यानंतर एट-ट्रॅक टेप, कॅसेट आणि सीडी असे टप्पे आले. त्या काळात यंत्रे बदलत गेली, पण ज्या खोलीत ती वाजणार त्या खोलीचा विचार फारसा कोणी केला नव्हता. अमेरिकेतील एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठातील प्राध्यापक अमर बोस हे एका बंगाली स्वातंत्र्यसैनिकाचे पुत्र. त्यांच्या कंपनीने जनरल मोटर्सबरोबर काम करून 1983 च्या कॅडिलॅक सेव्हिलसारख्या मॉडेलांसाठी त्या त्या केबिनच्या मापाने घडवलेली ध्वनियंत्रणा कारखान्यातूनच बसवून दिली. कार ऑडिओ हे ध्वनिशास्त्र म्हणून हाताळले जाऊ लागले ते खऱ्या अर्थाने तेव्हापासून.

या खोलीची पहिली अडचण गोंगाटाची. ताशी 80 ते 100 किलोमीटर वेगाने जाणाऱ्या साधारण प्रवासी गाडीत आवाजाची पातळी 65 ते 70 डेसिबलच्या आसपास असते आणि त्यातील बरीचशी ऊर्जा खालच्या पट्टीत एकवटलेली असते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गासारख्या काँक्रीटच्या रस्त्यावर टायरांचा आवाज चांगल्या डांबरी रस्त्यापेक्षा अधिक येतो, हे त्या मार्गाने नेहमी जाणाऱ्यांना सांगायला नको. टायरचा एक आवाज तर टायरच्या आतूनच येतो. रिम आणि रबर यांच्यामध्ये कोंडलेल्या हवेचे कडे साधारण पावणेदोन मीटर परिघाचे असते. ध्वनी हवेत सेकंदाला सुमारे 345 मीटर जातो, तेव्हा एवढ्या लांबीत नेमकी एक लाट बसते ती सुमारे 200 हर्ट्‌झच्या स्वराची. खडबडीत रस्त्यावर हे कडे त्याच स्वरात घुमते आणि ती घुमघुम चाकाच्या आसातून थेट केबिनमध्ये शिरते. काही टायर-उत्पादक आतल्या बाजूला फोमचा पट्टा चिकटवतात, तो या एका स्वरासाठी.

आता या गोंगाटात एखादे उत्तम मुद्रित झालेले ख्यालगायन लावले, तर पहिला बळी जातो तो तानपुऱ्याचा. काळी एक या पट्टीत गाणाऱ्या गायकाच्या तानपुऱ्यात जोडाच्या तारा सुमारे 139 हर्ट्‌झला आणि खर्जाची तार त्याच्या निम्म्याला, म्हणजे सुमारे 69 हर्ट्‌झला लावलेली असते. रस्त्याचा आवाज सर्वांत दाट असतो तो याच प्रदेशात. शिवाय कानाचा एक गुणधर्म असा, की खालच्या पट्टीतील मोठा आवाज आपल्या वरच्या पट्टीतील बारीक आवाजांनाही झाकतो, मात्र वरचा आवाज खालच्याला तितका झाकू शकत नाही. म्हणजे टायरांची घरघर केवळ खर्ज गिळत नाही, तर त्याच्या वरचे काही उपस्वरही, म्हणजे मूळ स्वरासोबत त्याच्या पटींत उमटणारे उंच स्वरही, गिळते.

असे असूनही तानपुरा पूर्णपणे हरवत नाही. मिरजेचे कारागीर घोडीच्या पृष्ठभागाला अतिशय मंद उतार देतात आणि तार व घोडी यांच्यामध्ये सुताचा धागा सरकवून जवारी लावतात. कंप पावणारी तार त्या उताराला हलकेच घासत राहते आणि त्यामुळे उंच उपस्वरांची झालर सतत नव्याने निर्माण होते. सी. व्ही. रामन यांनी 1921 मध्ये दाखवून दिले होते, की साध्या तारेच्या नियमानुसार जे उपस्वर छेडण्याच्या जागेमुळे उमटायलाच नकोत, तेही तानपुऱ्यात जोरकसपणे उमटतात. ही झालर काही हजार हर्ट्‌झपर्यंत पोहोचते, जिथे रस्त्याचा गोंगाट विरळ झालेला असतो. आणि उपस्वर पुरेसे ऐकू आले, की मूळ स्वर हवेत नसला तरी मेंदू त्यांच्यातील समान अंतरावरून तो जाणून घेतो. गाडीत तानपुरा पातळ, चंदेरी वाटतो आणि तरीही षड्‌ज ढळत नाही, तो या दोन कारणांनी. ज्या ध्वनिमुद्रणात मायक्रोफोन जवारी नीट टिपण्याइतका जवळ ठेवलेला असतो, ते गाडीत टिकते; ज्यात तानपुरा केवळ पार्श्वभूमीची धूसर गुणगुण असतो, त्यात तो दहाव्या किलोमीटरलाच नाहीसा होतो.

दुसरी अडचण बसण्याच्या जागेची. ब्रिटिश अभियंता ॲलन ब्लमलाइन यांनी 1931 मध्ये स्टिरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला, तेव्हापासून या तंत्राचा पाया असा आहे, की श्रोता दोन्ही स्पीकरांपासून सारख्या अंतरावर बसलेला असावा. गाडीत तसे कोणीच बसत नाही. आपल्याकडच्या उजव्या सुकाणूच्या गाडीत चालकापासून उजव्या दारातील स्पीकर समजा 80 सेंटिमीटरवर आणि डाव्या दारातील 130 सेंटिमीटरवर आहे. या 50 सेंटिमीटरच्या फरकामुळे उजवा आवाज सुमारे 1.45 मिलिसेकंद आधी पोहोचतो. हा काळ नगण्य वाटेल, पण एका बाजूने आलेला ध्वनी एका कानाकडून दुसऱ्या कानापर्यंत जायला जास्तीत जास्त 0.7 मिलिसेकंद घेतो आणि मेंदू दिशा ठरवतो ती याच फरकावरून. त्यातून आधी आलेल्या ध्वनीला दिशेचा मान देण्याची मेंदूची सवय आहे. 1949 मध्ये जर्मनीत हेल्मुट हास यांनी तिचा सविस्तर अभ्यास केला. परिणामी रंगमंचाच्या मध्यभागी बसलेला गायक चालकाच्या उजव्या कोपरापाशी येऊन गाऊ लागतो.

एवढ्यावर भागत नाही. 345 हर्ट्‌झच्या ध्वनीची तरंगलांबी एक मीटर असते आणि 50 सेंटिमीटर म्हणजे तिचा निम्मा भाग. दोन्ही स्पीकरांतून सारखाच निघालेला हा स्वर चालकाच्या डोक्यापाशी उलट्या कलेत, म्हणजे एका लाटेचा उंचवटा दुसरीच्या खोलगटावर येईल असा, भेटतो आणि बऱ्याच अंशी नष्ट होतो. मानवी आवाजाचा भरदारपणा ज्या पट्टीत असतो, नेमकी तीच पट्टी अशी पोकळ होते.

उपाय आहे आणि तो स्वस्तही झाला आहे. डीएसपी, म्हणजे ध्वनीवर अंकीय प्रक्रिया करणारा प्रोसेसर, जवळच्या स्पीकरचा आवाज तेवढ्याच मिलिसेकंदांनी उशिरा सोडतो. कार ऑडिओवाले याला ‘टाइम अलाइनमेंट’ म्हणतात. मोजपट्टीने प्रत्येक स्पीकरपासून डोक्यापर्यंतचे अंतर मोजायचे, आकडे भरायचे आणि ऐकायचे. गायक सरकत सरकत डॅशबोर्डच्या मध्यावर येऊन उभा राहतो, तो क्षण ज्याने अनुभवला तो या छंदातून सहसा परत फिरत नाही. मात्र याची किंमत शेजारच्या आसनावरील माणूस मोजतो. त्याच्यासाठी उजवा स्पीकर मुळातच 50 सेंटिमीटर दूर होता. आता विलंबामुळे तो जणू एक मीटर दूर गेला. भौतिकशास्त्र इथे तडजोड करत नाही, त्यामुळे कुटुंबासह प्रवास असेल तेव्हा ही सोय सौम्य करून ठेवणे हाच शहाणपणा आहे.

केबिनच्या लहानपणाचा एक मोठा लाभही आहे. अडीच मीटर लांबीच्या केबिनमध्ये सुमारे 69 हर्ट्‌झच्या ध्वनीची अर्धी लाट मावते. त्याखालच्या स्वरांची लाट तिथे मावतच नाही, त्यामुळे ती हवेतून प्रवास करण्याऐवजी संपूर्ण केबिनमधील हवेचा दाब एकसाथ वाढवते आणि कमी करते. स्वर जितका खालचा, तितका हा परिणाम अधिक. आदर्श बंदिस्त जागेत तो प्रत्येक सप्तकाला 12 डेसिबलपर्यंत जातो. प्रत्यक्षात काचा आणि पत्रे थरथरतात, फटींतून दाब निसटतो, म्हणून लाभ त्याहून कमी मिळतो. तरीही घराच्या दिवाणखान्यात 30 हर्ट्‌झ ऐकवण्यासाठी जेवढी मोठी पेटी लागते, त्याच्या मानाने गाडीच्या डिकीतील छोट्या बंद पेटीतला दहा इंची सबवूफर, म्हणजे फक्त खालचे स्वर वाजवणारा स्पीकर, ते काम सहज करतो. डग्ग्यावरील मींड, तळहाताच्या दाबाने वर चढत जाणारा तो नाद, चांगल्या रीतीने जुळवलेल्या गाडीत जितका ठोस ऐकू येतो तितका तो पुष्कळ घरांतही येत नाही.

यातील सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे दार. गाडीच्या दाराचे आतले आवरण काढून पाहिले, तर आत मेणचटलेला प्लॅस्टिकचा कागद आणि त्यामागे हाताचा पंजा जाईल एवढी मोठमोठी भोके दिसतात. काच आणि कुलूप दुरुस्त करता यावे म्हणून ती ठेवलेली असतात. स्पीकरचा पडदा पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. या भोकांमधून दोन्ही बाजू एकमेकींना भेटल्या, की खालचे स्वर जागच्या जागी विरून जातात. त्यात बाहेरचा पातळ पत्रा स्वतःच्या स्वरात झणझणत असतो. अनुभवी कारागीर आधी पत्रा पुसून कोरडा करतो, त्यावर ब्यूटाइल रबराची कंपन शोषणारी डॅम्पिंग शीट चिकटवतो, रोलरने दाबून खालची हवा काढतो आणि मग भोके बुजवतो. पाणी निथळण्याच्या तळाच्या फटी मात्र तो मोकळ्या ठेवतो, नाहीतर पावसाळ्यात दार आतून गंजेल. त्यानंतर पत्र्यावर बोटाची गाठ वाजवली, तर पूर्वीचा टणत्कार जाऊन लाकडी दारासारखा बोदा आवाज येतो. त्याच कंपनीचे तेच स्पीकर त्या दारात वेगळे वाजतात आणि शिवाय रस्त्याचा गोंगाटही थोडा कमी होतो. सुरुवातीला म्हटलेली दोन वेडे एकमेकांना भेटतात ती प्रत्यक्षात अशी, एका शीटच्या दोन बाजूंना.

याउलट ज्या आकड्याला ग्राहक सर्वाधिक भुलतो, तो वॅटचा आकडा फारसा काही सांगत नाही. हेड युनिटच्या, म्हणजे डॅशबोर्डमधल्या म्युझिक सिस्टिमच्या, खोक्यावर ‘50 वॅट गुणिले 4’ असे ठळकपणे छापलेले असते. इंजिन चालू असताना गाडीत सुमारे 14.4 व्होल्ट मिळतात आणि स्पीकर बहुधा 4 ओहमचा असतो. व्होल्टचा वर्ग करून ओहमने भागले, की जवळपास 52 वॅट येतात. पण ते फक्त सगळा वेळ कमाल दाबावर राहणाऱ्या चौकोनी लाटेसाठी, म्हणजे संगीत पूर्णपणे फाटलेले असताना. शुद्ध स्वरासाठी त्याच्या निम्मे, म्हणजे सिद्धांततः 26 वॅट आणि प्रत्यक्षात त्याहून थोडे कमीच मिळतात. अधिक हवे असेल, तर आतच व्होल्ट वाढवून घेणारा स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायर लागतो. आणि हेही लक्षात ठेवावे, की शक्ती दुप्पट केल्याने आवाज केवळ 3 डेसिबलने वाढतो. कानाला तो साधारण दुप्पट वाटायला दहापट शक्ती लागते.

राहिला प्रश्न हलक्या आणि मोठ्या आवाजांमधील अंतराचा. सीडीच्या 16 बिटांत सुमारे 96 डेसिबलचे अंतर साठवता येते. उत्तम मुद्रित मैफलीत आलापातील श्वासापासून तराण्याच्या शिखरापर्यंत 40 डेसिबलचा पल्ला सहज असू शकतो. हा पल्ला 65 डेसिबलच्या गोंगाटावर जसाच्या तसा उभा करायचा, तर शिखर 105 डेसिबलला पोहोचेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार 80 डेसिबलचा आवाज आठवड्याला 40 तास ऐकणे सुरक्षित आहे आणि दर 3 डेसिबलच्या वाढीला हा वेळ निम्मा होतो. 100 डेसिबलला आठवड्याभरात वीसेक मिनिटेच उरतात. म्हणून धावत्या गाडीत हा पल्ला थोडा आवळणारी सोय वापरण्यात कमीपणा नाही, असे माझे ठाम मत आहे. आक्षेप आहे तो ध्वनिमुद्रणातच तो कायमचा आवळून टाकण्याला, कारण मग शांत खोलीत बसलेल्या श्रोत्यालाही तो परत मिळत नाही.

गोंगाटच कमी करण्याचा मार्ग अर्थातच अधिक चांगला. ध्वनीला उलट्या कलेतील ध्वनीने मिटवण्याची कल्पना जर्मनीतील पाउल लुएग यांनी मांडली आणि 1936 मध्ये त्यांना अमेरिकेत तिचे पेटंट मिळाले. ती मोटारीत उतरायला 1992 ची निसान ब्लूबर्ड यावी लागली. आता काही गाड्यांत चाकांजवळील संवेदक धक्का आधीच ओळखतात आणि घरघर कानापर्यंत पोहोचेपर्यंत संगीताच्याच स्पीकरांमधून तिची उलटी प्रतिमा सोडली जाते. हे काही शे हर्ट्‌झपर्यंतच साधते, कारण त्यापुढे तरंगलांबी इतकी लहान होते, की डोके थोडे हलले तरी हिशेब चुकतो. विजेच्या गाड्यांत इंजिनाचा आवाज गेल्यामुळे आजवर त्याखाली झाकलेली टायरांची घुमघुम आणि खिडकीच्या कडेची वाऱ्याची शीळ उघडी पडली आहे. शिळेसाठी दुपदरी काच आणि चांगले रबर, घुमघुमीसाठी उलटी लाट आणि फोमचे टायर, अशी कामाची वाटणी आता होऊ लागली आहे. जिथे ती नीट जमते, तिथे खर्जाची तार 69 हर्ट्‌झवर, मेंदूला अंदाज करायला न लावता, स्वतः ऐकू येते.