बालपणीचे आघात: कळले, पण वळायला शतक लागलं

वरिष्ठांचा 'जरा बोलायचंय' एवढाच निरोप आला तरी काहींच्या पोटात गोळा येतो. आपलं काय चुकलं, याची उजळणी रात्रभर चालते. या धास्तीचं मूळ लहानपणात असू शकतं, हे आज सहज बोललं जातं. डॉक्टरांनी मात्र ते मान्य करून पुन्हा नाकारलंही आहे.

१८९६ साली व्हिएन्नात मनोविश्लेषणाचा जनक सिग्मंड फ्रॉइड याने १८ रुग्णांच्या आधारे मांडलं, की हिस्टेरियाच्या, म्हणजे शारीरिक कारण न सापडणारे झटके किंवा लुळेपणा येणाऱ्या मनोविकाराच्या, मुळाशी बालपणीचं लैंगिक शोषण असतं. पुढच्याच वर्षी, मित्र विल्हेल्म फ्लीसला लिहिलेल्या पत्रात, यावरचा आपला विश्वास उडाल्याचं त्याने कबूल केलं. १९३२ मध्ये त्याचा शिष्य शान्दोर फेरेंत्सी याने मुद्दा पुन्हा उचलला: अत्याचार करणाऱ्याची अपराधी भावना मूल स्वतःच्या मनात घेतं. गुरूला हे रुचलं नाही.

शेवटी विश्वास बसला तो एक्स-रेवर, मुलांच्या बोलण्यावर नव्हे. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ हेन्री केम्प आणि सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये दाखवलं, की एकाच मुलाची हाडं वेगवेगळ्या वेळी मोडून जुळलेली असतात. 'पडलं असेल' या खुलाशात ते बसत नव्हतं.

हाड न मोडणारे घाव मागेच राहिले. अमेरिकेतल्या सॅन डिएगोत डॉ. व्हिन्सेंट फेलिटी यांच्या लठ्ठपणाच्या उपचारकेंद्रातून वजन उतरत असलेली माणसंच निघून जात. खोदून विचारल्यावर अनेकांच्या लहानपणी शोषण झाल्याचं कळलं. त्यातून रॉबर्ट अँडा यांच्यासोबतचा १९९८चा अभ्यास उभा राहिला. लहानपणी चार किंवा अधिक प्रकारचे वाईट अनुभव आलेल्यांमध्ये, असे अनुभव न आलेल्यांच्या तुलनेत, नैराश्य, व्यसन आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका ४ ते १२ पट आढळला. हे आकडे समूहाचे आहेत. स्वतःच्या वाईट अनुभवांची बेरीज करून भविष्य पाहणं चूक, पण ते सर्रास चालतं.

रोजच्या मनाबद्दल मला जास्त सांगून जातो तो मानसशास्त्रज्ञ सेथ पोलाक यांचा २००२चा प्रयोग. पडद्यावरचा धूसर चेहरा हळूहळू स्पष्ट होत जाई. मारहाण सोसलेली मुलं त्यातला राग इतरांच्या आधी ओळखत. हा दोष नव्हता. ज्या घरात हात कधी उठेल याचा नेम नाही, तिथे ते जगण्याचं कसब होतं. घर सुटलं म्हणून ते कसब आपोआप सुटत नाही.

२०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजार-वर्गीकरणात दीर्घकाळच्या आघातांतून येणाऱ्या विकाराला वेगळं निदान मिळालं: आघाताच्या लक्षणांसोबत भावना न आवरणं, स्वतःला कवडीमोल मानणं, नाती न टिकणं. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने त्याच वर्षी सुधारलेल्या आपल्या निदान-पुस्तिकेत मात्र त्याला स्वतंत्र जागा दिली नाही.