स्लॉपी जो स्लायडर घरी कसे करायचे : छोट्या पावांच्या लादीसोबतचं माहितीपत्रक

नमस्कार मंडळी. तुम्ही आत्ता आपल्या ठाण्याच्या नौपाड्यातल्या बेकरीतून बारा छोट्या पावांची लादी घेतलीत, तिच्यासोबत हा कागद मुद्दाम देतोय. स्लायडरचे पाव घेऊन जाणारे बरेच जण काउंटरवर एकच गोष्ट विचारतात, की घरी केलं की पाव खालून भिजून लगदा का होतो, आणि वरून मात्र कोरडा का राहतो, बाहेर खातो तसा मऊ-मऊ का लागत नाही. उत्तर दोन ओळींचं नाही म्हणून सविस्तर लिहिलंय, चहा घेत वाचा आणि मगच गॅस पेटवा.

आधी हे आहे काय ते सांगतो. स्लॉपी जो म्हणजे अमेरिकेतला खिमा-पाव समजा. खिमा, कांदा, टोमॅटो सॉस, थोडी मोहरीची पेस्ट, वूस्टरशायर सॉस, किंचित गोड, किंचित आंबट, आणि हे सगळं सैलसर मिश्रण बनमध्ये भरलेलं, पॅटी वगैरे काही नाही. पहिल्यांदा कुणी केला यावर तिकडेही एकमत नाही, पण बहुतेक जण आयोवा राज्यातल्या सू सिटीचं आणि १९३० च्या आसपासच्या काळाचं नाव घेतात. पुढे १९६९ मध्ये हंट्सने मॅनविच नावाचा तयार सॉस डब्यात आणला आणि मग तो घराघरातला, शाळेच्या कॅन्टीनमधला पदार्थ झाला. स्लायडर ही वेगळी गोष्ट आहे, ते म्हणजे दोन-तीन घासात संपणारे छोटे बर्गर. ते लोकप्रिय केले व्हाइट कॅसलने, १९२१ मध्ये कॅन्ससमधल्या विचिटा शहरात सुरू झालेली ही कंपनी, तेव्हा एक बर्गर ५ सेंटला मिळायचा. त्यांची पद्धत लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण आपल्याला तीच घरी आणायची आहे : गरम तव्यावर कांद्याचा थर, त्यावर पातळ चौकोनी पॅटी, आणि त्या पॅटीवरच पाव ठेवून द्यायचा. कांद्याची वाफ वर येते आणि पाव त्या वाफेत मऊ होतो. फास्ट फूडचा तो जो मऊपणा असतो ना, तो वाफेचा असतो, बटरचा नाही.

म्हणजे आमचं सांगणं एवढंच आहे, की मिश्रण घट्ट पाहिजे, पाव आतून भाजलेला पाहिजे आणि बाहेरून वाफवलेला पाहिजे. या तीन गोष्टी जमल्या तर बाकी मसाल्यात थोडं इकडे-तिकडे झालं तरी चालतं.

खिमा

अमेरिकेत बीफ वापरतात, आपण मटण किंवा चिकन घेऊ. बारा स्लायडरला अर्धा किलो पुरतो. मटणवाल्याला सांगा की खांद्याचं मांस घेऊन मध्यम खिमा करा, फार बारीक नको, आणि थोडी चरबी राहू द्या, एकदम कोरड्या मांसाचा खिमा रबरासारखा लागतो. चिकन घेत असाल तर नुसत्या ब्रेस्टपेक्षा मांडीचं मांस सांगा. आणि धुवायचं असेल तर खिमा करायच्या आधी मांस धुवून, निथळून घ्यायला सांगा. खिमा झाल्यावर धुतला की त्यात पाणी धरून बसतं आणि मग कढईत तो भाजला जात नाही, शिजत राहतो. पाणी असेपर्यंत कढईतलं तापमान १०० अंशांच्या फारसं वर जात नाही, आणि मांसाला तो खमंग तपकिरी रंग यायला १४० च्या आसपास जावं लागतं. सगळी चव त्या रंगात आहे हो, त्यामुळे इथे घाई करू नका.

कढई मोठी आणि पसरट घ्या. चांगली तापू द्या, एक चमचा तेल, खिमा घाला आणि पसरून दोन-तीन मिनिटं अजिबात हलवू नका. खालून रंग आला की कालथ्याने फोडत परता. पाणी सुटेल, सुटू द्या, आटेपर्यंत मोठ्याच गॅसवर ठेवा. गुठळ्या मात्र फोडायच्या, कारण छोट्या पावात मोठी गुठळी आली की चावताना सगळं मागून बाहेर येतं.

कांदा, टोमॅटो आणि तो गोड-आंबट सॉस

खिमा बाजूला काढून त्याच कढईत दोन मध्यम कांदे अगदी बारीक चिरून आणि एक छोटी ढोबळी मिरची, तीही बारीक. जांभळी नाक्यावर सध्या जी मिळेल ती चालेल, हिरवी असली तर जास्त चांगली, तिचा किंचित कडवटपणा गोड सॉससोबत छान जातो. कांदा पूर्ण मऊ होऊ द्या. टोमॅटो आणि व्हिनेगर कांदा मऊ झाल्यावरच घालायचं, कारण आंबट पडलं की कांदा मऊ व्हायचा थांबतो आणि मग कितीही शिजवा, दाताखाली कचकच लागतो. मग सहा-सात लसूण पाकळ्या ठेचून, एक चमचा काश्मिरी तिखट, अर्धा चमचा मिरपूड. आलं नको, हिरवी मिरची नको, गरम मसाला तर अजिबात नको. हात शिवशिवतो माहितीये, पण गरम मसाला पडला की तो आपला नेहमीचा खिमा-पाव होतो, जो उत्तमच लागतो पण तो वेगळा पदार्थ आहे, आज स्लॉपी जो करायचाय तर तो तसाच होऊ द्या.

आता खिमा परत कढईत. दोन टोमॅटोंची प्युरी किंवा दोन मोठे चमचे टोमॅटो पेस्ट, पेस्ट मिळाली तर तीच घ्या, पाणी कमी असतं. चिकनला दहा-बारा मिनिटं पुरतात. मटणाला वेळ लागतो, आपल्याकडचं मटण म्हणजे बकऱ्याचं, ते बीफच्या खिम्यापेक्षा उशिरा मऊ होतं, म्हणून एक कप गरम पाणी घालून झाकण ठेवून मंद गॅसवर अर्धा तास द्या, किंवा कुकरला तीन शिट्ट्या काढून मग झाकण उघडून आटवा. घरात स्वयंपाकाचं थर्मामीटर असेल तर मटणाचा खिमा ७१ अंशांच्या आणि चिकनचा ७४ अंशांच्या वर गेला पाहिजे, नसेल तर काळजी नको, एवढा वेळ शिजवल्यावर तो त्याच्या पुढेच गेलेला असतो.

टोमॅटो सॉस, म्हणजे बाटलीतला केचप, अर्धा कप, तो शेवटी घाला. त्यात साखर असते, आधी घातला तर तळाला लागतो. सोबत एक छोटा चमचा मोहरीची पेस्ट आणि एक मोठा चमचा वूस्टरशायर सॉस. हा सॉस मोठ्या दुकानात मिळतो, पण शाकाहारी असाल तर बाटलीमागचं लेबल वाचून घ्या, मूळ इंग्लिश सॉसमध्ये अँकोव्ही नावाचे मासे असतात. आणि त्यासाठी घोडबंदर रोडपर्यंत जायची गरज नाही, घरच्या घरी जवळपास जाणारी चव येते. मूळ सॉसमध्ये व्हिनेगर आणि मोलॅसिस, म्हणजे काकवीसारखा दाट पाक, यांच्यासोबत चक्क चिंच असते! तेव्हा दोन छोटे चमचे सोया सॉस, एक छोटा चमचा व्हिनेगर, एक छोटा चमचा चिंचेचा दाट कोळ आणि सुपारीएवढा गूळ, एकत्र करून घाला. गूळ आधी थोडाच, चव बघून वाढवा, प्रत्येक केचपचा गोडवा वेगळा असतो. मीठ अगदी शेवटी, सोया, केचप आणि चीज तिन्हीत मीठ आहे.

झालं की नाही कसं ओळखायचं? कढईच्या तळातून कालथा ओढा. मागे जो रस्ता पडतो तो दोन-तीन सेकंद तसाच राहिला आणि कडेने पाणी धावलं नाही, की गॅस बंद. रस्ता लगेच भरला तर अजून आटवा. आणि हे मिश्रण उकळतं असताना पावात भरू नका, दहा मिनिटं थांबलात की अजून घट्ट होतं. पाव भिजायचं सगळ्यात मोठं कारण हेच, बेकरीचा पाव कितीही चांगला असला तरी पातळ रश्शापुढे तो टिकणार नाही.

लादी

आता आमच्या कामाचं. लादी सुटी करू नका, हे ठळक अक्षरात छापायला पाहिजे होतं इतकं महत्त्वाचं आहे. बाराच्या बारा पाव एकमेकांना चिकटलेले असतानाच मोठ्या दातेरी सुरीने आडवी कापा, म्हणजे वरचा एक अख्खा तुकडा आणि खालचा एक अख्खा तुकडा. पाव एकत्र असले की कडा कमी उघड्या राहतात, वाफ आत राहते आणि भरणंही एका झटक्यात होतं. लादी पूर्ण गार झालेली असली पाहिजे, भट्टीतून नुकतीच आलेली गरम लादी कापली तर आत चिकट होते, म्हणून सकाळी गरम मिळाली तर घरी दोन तास जाळीवर राहू द्या.

कापलेल्या दोन्ही बाजूंना बटर लावून तव्यावर उलट्या ठेवा, सोनेरी होईपर्यंत. बटर आणि पावाचा तो भाजलेला पातळ थर, दोन्ही मिळून ओलाव्याला अडवतात. तवा छोटा असेल तर लादीचे दोन भाग करा, प्रत्येकी सहा पावांचे, काही बिघडत नाही.

मग खालचा तुकडा ट्रेमध्ये, त्यावर तीन-तीन असे सहा चीज स्लाइस पसरा, चीज आधी आणि मग खिमा असा क्रम ठेवलात तर चीजही ओलावा अडवतं. आवड असेल तर वरूनही थोडं किसून घाला. प्रत्येक पावावर साधारण दोन मोठे चमचे मिश्रण येतं, एवढंच, हाव नको, छोट्या पावाची ताकद तेवढीच. काकडीचं लोणचं, ते व्हिनेगरमधलं, त्याच्या चकत्या मिळाल्या तर जरूर ठेवा, नसेल तर काकडीच्या पातळ चकत्यांना मीठ-साखर-व्हिनेगर लावून अर्धा तास ठेवून, पिळून घ्या. वरचा तुकडा ठेवून हलक्या हाताने दाबा.

वाफेसाठी : मोठा जाड तवा किंवा पसरट पॅन मंद गॅसवर, त्यात मूठभर उभा चिरलेला कांदा आणि दोन-तीन चमचे पाणी, त्यावर छोटी जाळी किंवा उलटी ताटली, तिच्यावर भरलेली लादी आणि वर घट्ट झाकण. चार-पाच मिनिटं, बस. झाकण उघडाल तेव्हा कांद्याचा वास पावात उतरलेला असतो आणि पाव बोटाने दाबला की परत वर येतो. झाकणाला आतून सुती फडकं बांधलंत तर पाण्याचे थेंब पावावर पडत नाहीत. ओव्हन असेल तर १८० अंशांवर, फॉइलने झाकून आठ-दहा मिनिटं, फॉइलशिवाय ठेवलात तर वरून कडक होईल. एअर फ्रायरमध्येही होतं पण तिथे वारा जोरात फिरतो, पाव सुकतो, म्हणून आम्ही फारसं सुचवत नाही.

वरून बटर लावायचं तर शेवटी, गरम असताना ब्रशने. आपल्या लादीत अंडं नाही, वरचा रंग दुधाचा आहे, तेव्हा अंडं न खाणाऱ्यांनाही निर्धास्त द्या.

सोमवार, गुरुवार, श्रावण

शाकाहारीसाठी सोया ग्रॅन्युल्स दीडशे ग्रॅम, गरम पाण्यात दहा मिनिटं भिजवून, मग खरंच जीव लावून पिळा, दोनदा पिळा, नाहीतर तो वास राहतो. नंतर तेलावर कोरडं होईपर्यंत परता आणि पुढे सगळं तसंच, फक्त शिजायला दहाच मिनिटं. सोयाला स्वतःची चरबी नाही म्हणून तेल एक चमचा जास्त. उकडलेला राजमा अर्धवट ठेचून घातला तर आमच्या मते सोयापेक्षाही छान लागतो. जैन घरांसाठी कच्चं केळं उकडून, जाडसर किसून, कांदा-लसणाशिवाय, ढोबळी मिरची दुप्पट. गटारीला मात्र दुप्पट खिमा आणि दोन लाद्या, हिशोब तोच.

पार्टी, डबा आणि उरलेलं

सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये वाढदिवस किंवा मॅच बघायला वीसेक जण येणार असतील तर मोठ्यांना तीन आणि मुलांना दोन असा अंदाज धरा. मिश्रण आदल्या दिवशी करून फ्रिजमध्ये ठेवलं तर चव अजून मुरते, फक्त भरायच्या आधी नीट वाफ येईपर्यंत गरम करा. भरून ठेवलेले स्लायडर बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका, उन्हाळ्यात तर त्याहूनही कमी. डब्यात न्यायचे असतील तर मिश्रण वेगळ्या डबीत आणि भाजलेला पाव वेगळा, ठाण्याहून सीएसएमटीपर्यंत भरलेला पाव दमटच होणार. शिजवलेला खिमा फ्रिजमध्ये तीन दिवस, फ्रीझरमध्ये दोन महिने चांगला राहतो.

पाव फ्रिजमध्ये ठेवू नका. बरेच जण ठेवतात, पण फ्रिजच्या थंडीत पावातलं स्टार्च बाहेरच्यापेक्षा लवकर घट्ट होतं आणि पाव शिळ्यासारखा लागतो. आज-उद्या वापरणार असाल तर पिशवी बंद करून ओट्यापासून लांब, नाहीतर सरळ फ्रीझरमध्ये, महिनाभर चालेल, काढल्यावर तासभर बाहेर ठेवून मग कापा. पावसाळ्यात मात्र बाहेर एकच दिवस धरा, इथल्या दमट हवेत बुरशी फार लवकर येते, आणि एका पावावर ठिपका दिसला तर तेवढाच काढून बाकीचे खाऊ नका, चिकटलेल्या लादीत बुरशी न दिसताही पसरलेली असते, पूर्ण लादी टाका.

छोट्या पावांची लादी रोज सकाळी थोडीच निघते. रविवारसाठी हवी असेल तर शनिवारी दुपारपर्यंत काउंटरवर सांगून ठेवा, आणि तीनपेक्षा जास्त लाद्या असतील तर दोन दिवस आधी, म्हणजे डो वेगळा लावता येतो. कापून हवी असेल तर तसंही सांगा, आमच्याकडच्या मोठ्या सुरीने आडवी कापून देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत.